आपल्यात नसतं तसलं काही

माझं आजोळ कोपरीचं. ठाणे स्टेशनला पूर्वेच्या बाजूला उतरायचं, दहा मिनिटं चालायचं, की आजीचं घर. आता तिथे सगळ्या इमारतीच इमारती झाल्या आहेत. पण माझ्या लहानपणी, म्हणजे १९७५-८० च्या सुमारास, एका बाजूला सिंधी लोकांची वसाहत, खाडीच्या अंगाला आगरी-कोळ्यांची जुनी घरं आणि मधेमधे आमच्यासारखी कोकणातून आलेली चाकरमानी कुटुंबं असा सगळा मामला होता. मे महिन्याची सुट्टी आम्ही तिथेच काढायचो.

परवा बऱ्याच दिवसांनी त्या घरी सगळे जमलो होतो. मामा-मामी, मामेभाऊ, वहिनी, आई, मी आणि अर्थात मावशी. निमित्त होतं साखरपुड्याच्या तयारीचं. मामेभावाच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं लग्न ठरलंय. पण हॉल आणि साड्या राहिल्या बाजूला, आणि दोन तास वाद झाला तो वेगळ्याच विषयावर. मावशीची जनुकीय तपासणी करायची की नाही?

मावशीबद्दल आधी सांगायला हवं. ती आईची सगळ्यात धाकटी बहीण. आता अडुसष्ट वर्षांची आहे. लहानपणापासून पांढरीफटक. जिना चढली की धाप लागायची, डोळे कधीकधी पिवळसर दिसायचे. पोटात डाव्या बाजूला पानथरी वाढलेली. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, खाडीकाठी राहता, मलेरियाची पानथरी असणार. ते काही अगदीच चूक नव्हतं म्हणा. एखाद्या गावात मलेरिया किती आहे हे मोजायला त्या काळी मुलांच्या पानथऱ्याच चाचपून बघत असत. तर मावशीला मलेरियाची औषधं झाली, मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या जवळजवळ चाळीस वर्षं चालू होत्या. बीट, पालक, खजूर, गुळाचा खडा... घरात जे जे लाल किंवा काळं असेल ते ते मावशीच्या ताटात पडायचं. 'अशक्त मुलगी' म्हणून दोन-तीन स्थळं परत गेली. मग आजोबांनी बघणंच सोडलं. मावशीने शिलाईचं मशीन घेतलं आणि आयुष्यभर कोपरीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले.

गेल्या काही वर्षांत तिला वरचेवर रक्त चढवावं लागतंय. शेवटी मामेभाऊ तिला मुंबईला रक्तविकारांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी जुने कागद बघितले, पोट तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात कुणाला थॅलेसेमिया आहे का?"

मामेभाऊ पटकन म्हणाला, "नाही हो, आपल्यात नसतं तसलं काही."

हे वाक्य त्याने मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं, आणि मला एकदम पन्नास वर्षांपूर्वीचा ओटा आठवला.

आजीच्या घरासमोर एक सिंधी कुटुंब राहायचं. त्यांचा मुलगा माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. गालाची हाडं वर आलेली, कपाळ पुढे, पोट फुगलेलं. दर तीन आठवड्यांनी त्याची आई त्याला लोकलने मुंबईला न्यायची. 'खून चढवायला' जातात, एवढंच आम्हाला माहीत. आला की दोन-चार दिवस आमच्याशी कॅरम खेळायचा, पुढे पुढे त्याला बसवायचंही नाही. एका सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा तो नव्हता. चौदा वर्षांचा होता. त्याची आई मावशीकडे ब्लाउज शिवायला टाकायची. तिने आजीला कितीदा तरी सांगितलं होतं, "अम्मा, इसका भी खून टेस्ट कराओ. मेरे बेटे जैसा रंग है इसका." आजी तिच्यासमोर काही बोलायची नाही. ती गेली की म्हणायची, "काहीतरीच हिचं. तो त्यांच्यातला आजार. आपल्यात नसतं तसलं काही."

'त्यांच्यातला आजार'. या दोन शब्दांना फार मोठा इतिहास आहे. या निमित्ताने मी तो थोडा शोधून वाचला, म्हणून हा लेख.

१९२५ साली अमेरिकेत डेट्रॉइट शहरात थॉमस कूली नावाच्या बालरोगतज्ज्ञाने काही मुलांचं वर्णन लिहिलं. पांढुरकी, मोठ्या पानथरीची, चेहऱ्याची हाडं बदललेली मुलं. ही मुलं बहुतेक इटली आणि ग्रीसमधून आलेल्या स्थलांतरितांची होती. त्यामुळे हा भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचा आजार ठरला. १९३२ साली त्याचं नाव पडलं थॅलेसेमिया. ग्रीक भाषेत 'थलासा' म्हणजे समुद्र. म्हणजे या आजाराच्या नावातच कुणाचा तरी पत्ता लिहिलेला आहे. गंमत म्हणजे अवघ्या सहा वर्षांत, १९३८ साली, कलकत्त्यातून भारतातल्या पहिल्या रुग्णाची नोंद झाली. भूमध्य समुद्र राहिला कुठच्या कुठे.

पुढे भारतातही हा आजार कुणाच्या तरी नावावर चढलाच. फाळणीनंतर सिंधमधून लाखो लोक आले. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी होती, तिच्या बराकींमध्ये हजारो कुटुंबांना जागा मिळाली. ऑगस्ट १९४९ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे कोनशिला बसली आणि त्या छावणीचं उल्हासनगर झालं. ठाण्यात कोपरीलाही सिंधी वसाहत उभी राहिली. घरं, शेती, दुकानं सगळं मागे टाकून आलेली ही माणसं. जे मागे टाकता येत नाही ते मात्र बरोबर आलं, ते म्हणजे रक्त. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारं जे जनुक आहे, त्यातला ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला असतो, असा एक दोष सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत बराच आढळतो. भारतीय वंशाच्या रुग्णांमध्ये हा गळालेला तुकडा १९७९ साली सापडला. म्हणजे समोरचा मुलगा आमच्याबरोबर कॅरम खेळत होता, साधारण त्याच वर्षांत.

आता योगायोग बघा. ज्या १९४९ साली उल्हासनगरची कोनशिला बसली, त्याच साली जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचा एक निबंध छापून आला. (हे हाल्डेन पुढे १९५७ साली भारतातच राहायला आले आणि इथलेच झाले. १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) त्यांना प्रश्न पडला होता, की ज्या दोषाने मुलं लहानपणी मरतात, तो दोष हजारो वर्षं टिकला कसा? त्यांचा तर्क असा, की ज्यांच्यात हा दोष एकाच बाजूने, म्हणजे फक्त आईकडून किंवा फक्त वडिलांकडून आलाय, ती माणसं मलेरियात जास्त तगत असावीत. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत हेच दाखवून दिलं. सिंधू नदीचं खोरं काय, भूमध्य समुद्राचा काठ काय किंवा आपली कोकणपट्टी काय, जिथे डास आणि मलेरिया तिथे हा दोष. म्हणजे मावशीच्या पानथरीचा मलेरियाशी संबंध आहे असं म्हणणारे ते जुने डॉक्टर एका अर्थी बरोबरच होते. फक्त तो मलेरिया मावशीला नव्हे, तिच्या कुठल्यातरी खापरपणजोबांना टाळायचा होता.

आणि डास काही जात विचारून चावत नाही.

२०१३ साली भारतातल्या सहा शहरांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुंबई, वडोदरा, कोलकाता, दिब्रुगड, लुधियाना आणि बंगळूर. छपन्न हजारांहून अधिक कॉलेजचे विद्यार्थी आणि गरोदर बायका यांचं रक्त तपासलं होतं. त्यात शंभरात पावणेतीन जण थॅलेसेमियाचे वाहक निघाले. काही समाजांत हे प्रमाण नऊ टक्क्यांच्या वर होतं, काहींत शून्य. सिंधी, पंजाबी, लोहाणा यांच्यात प्रमाण जास्त असतं हे खरं. पण पावणेतीन टक्के म्हणजे छत्तीस माणसांत एक. कल्याण लोकलच्या एका डब्यात सकाळी आठ वाजता असे किती जण लोंबकळत असतील, हिशेब करा. त्यांतल्या बहुतेकांना आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो, कारण वाहकाला काही होत नाही. हिमोग्लोबिन थोडं कमी भरतं, एवढंच.

'त्यांच्यातला आजार' म्हणायची ही सवय आपल्या राज्यात आणखीही एका बाबतीत दिसते. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल सापडला आणि १९५८ साली नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी तो विदर्भातही असल्याचं लिहिलं. तेव्हापासून कितीतरी वर्षं शहरातल्या सुशिक्षितांच्या डोक्यात तो 'आदिवासींचा', 'दलितांचा' आजार म्हणूनच राहिला. आजाराला समाजाचं नाव चिकटलं की दोन गोष्टी होतात. त्या समाजाला शिक्का बसतो, आणि बाकीचे निवांत झोपतात. आमचं घर असं पन्नास वर्षं निवांत झोपलं होतं.

आता परत मावशीकडे येते. डॉक्टरीणबाईंचा अंदाज असा, की मावशीला थॅलेसेमियाचा मधला प्रकार असावा. इंटरमीडिया म्हणतात त्याला. म्हणजे दोष आई आणि वडील दोघांकडून आलाय, पण त्यातला निदान एक तरी सौम्य असावा. समोरच्या मुलाचा प्रकार मेजर होता. त्यात नियमित रक्त मिळालं नाही तर मूल जगणं कठीण. इंटरमीडियाची माणसं रक्त न घेता किंवा अधूनमधून घेऊन मोठी होतात, आणि त्यांना आयुष्यभर सगळे फक्त 'अशक्त' म्हणतात.

आमच्या घरात दोन्ही बाजूंनी दोष कसा आला असेल, याचं उत्तर मात्र लगेच सापडलं. आजोबांनी मामाची मुलगी केली होती. आपल्याकडे मामाची मुलगी हक्काची. आजी आणि आजोबांचे एक आजी-आजोबा सामाईक. तिथून एकच दोष दोन वाटांनी खाली आला असेल, तर त्यात नवल काहीच नाही.

मग वाद कशाचा? तर साधी हिमोग्लोबिनची चाचणी मावशीच्या उपयोगाची नव्हती. गेल्याच महिन्यात तिला रक्त चढवलंय, तेव्हा नळीत निम्मं रक्त दुसऱ्याचंच येणार. रक्त चढवल्यावर निदान तीन महिने तरी त्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि मावशीला तेवढं थांबणं जमत नाही. जनुकीय चाचणीत हा घोळ होत नाही, कारण ती पांढऱ्या पेशींतल्या डीएनएवर होते आणि तो मावशीचा स्वतःचा असतो.

मामी म्हणाली, "अडुसष्टाव्या वर्षी कशाला आता? आणि नेमकं आत्ताच? साखरपुडा महिन्यावर आलाय. उद्या त्या लोकांना कळलं, की यांच्या घराण्यात काहीतरी आहे, तर?"

मामा गप्प. वहिनी म्हणाली, "लग्न होऊन जाऊ दे, मग बघू." आई म्हणाली, "आणि लग्नानंतर कळलं तर?"

मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. आजी आणि आजोबा दोघं वाहक धरले, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता आजाराची, दोन वाहक असण्याची, एक पूर्ण मोकळं असण्याची. मामा आणि आई आजारी नाहीत, म्हणजे ती पहिली शक्यता गेली. राहिल्या तीन, त्यातल्या दोन वाहकाच्या. म्हणजे मामा वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. मामेभावाची तीनात एक. भाचीची सहात एक. आणि मी? माझीही तीनात एक. माझी दोन्ही मुलं डोंबिवलीत लहानाची मोठी झाली, माझ्या डोक्यात हा विचार एकदाही आला नव्हता.

मामीचं म्हणणं मला पटत नव्हतं, पण तिची भीती खोटी नव्हती. तिला बळ देणारा एक जुना किस्सा आहे, तोही खरा घडलेला. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस म्हणून गाव आहे. जुना मलेरियाचा भाग. तिथे जवळजवळ चारात एक माणूस सिकलसेलचा वाहक. साठच्या दशकात तिथे सगळ्या गावाची तपासणी केली, लोकांना समजावून सांगितलं आणि काही वर्षांनी परत जाऊन बघितलं. तिथेही लग्नं ठरवूनच व्हायची. झालं काय, तर वाहकांकडे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागले, मग घरच्यांनी निकाल लपवायला सुरुवात केली. वाहकांनी वाहकांशी लग्नं केली ती केलीच, आणि तपासणी न करता जितकी आजारी मुलं जन्मली असती साधारण तितकीच जन्मली. १९७४ साली हे सगळं छापून आलं. म्हणजे नुसती चाचणी करून भागत नाही. तिचा निकाल लग्नाच्या बाजारात गेला, तर फायदा शून्य आणि बदनामी मात्र पदरात.

दुसरा किस्सा सायप्रसचा. त्या बेटावर सातात एक माणूस थॅलेसेमियाचा वाहक. सत्तरच्या दशकात तिथल्या डॉक्टरांना दिसलं, की आहेत त्याच मुलांना रक्त आणि औषधं पुरवताना देशाचं कंबरडं मोडेल. त्यांनी तपासणी सुरू केली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या चर्चनेही नियम केला, की लग्नाआधी दोघांनी तपासणी केल्याचा दाखला आणायचा. पण दाखल्यावर लिहिलेलं असायचं फक्त एवढंच, की या दोघांची तपासणी झाली आहे आणि त्यांना सल्ला मिळाला आहे. निकाल काय, हे पाद्रीबुवांनाही कळत नसे. तो त्या दोघांचा. दोघंही वाहक निघाले तरी बहुतेकांनी लग्नं मोडली नाहीत. गर्भाची तपासणी करून पुढचे निर्णय घेतले. थॅलेसेमिया घेऊन जन्मणाऱ्या मुलांची संख्या थोड्याच वर्षांत जवळजवळ शून्यावर आली.

दोन्हीकडे रक्ताचीच तपासणी. एका गावात निकाल चव्हाट्यावर आला, दुसरीकडे तो दोघांच्या पाकिटात राहिला. एकीकडे शिक्का, दुसरीकडे माहिती. फरक एवढाच.

आपल्याकडे हा रस्ता आता बंद नाही. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची रक्तविकारांवर काम करणारी संस्था १९५७ पासून आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईत थॅलेसेमियासाठी गर्भाची तपासणीही होऊ लागली. गर्भलिंगनिदानावर कायदा आणणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. मुलगा की मुलगी हे सांगणं त्याने गुन्हा ठरवलं, पण हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भ तपासायची परवानगी त्याच कायद्यात लिहून ठेवली आहे. पुष्कळ लोकांना हे माहीतच नसतं, तपासणी म्हटलं की सरसकट घाबरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश झाला. आणि वाहक आहे का, हे बघायला जनुकीय चाचणी लागतही नाही. साधी रक्ततपासणी आणि हिमोग्लोबिनचे घटक मोजणारी एक चाचणी एवढ्यावर बहुतेक वेळा कळतं. त्यातला 'ए-टू' नावाचा घटक साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर गेला, की वाहक असण्याची शंका घ्यायची.

हे सगळं मी तावातावाने सांगत होते. भाची मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होती. आणि तेवढ्यात मावशी, जी इतका वेळ शेंगा सोलत बसली होती, ती म्हणाली, "तुम्ही सगळे पोरीबद्दल बोलताय. मला त्या चाचणीने काय होणार ते कुणी सांगाल का?"

खरं सांगते, मला लाज वाटली. आजारी ती. रक्त तिचं. आणि दोन तास आम्ही तिच्या अंगावरून पलीकडे बघत होतो, जणू ती म्हणजे घराण्याच्या कपाटाची किल्ली.

मग मी तिला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या तडकाफडकी बंद का केल्या, ते. या आजारात शरीराला लोह कमी पडत नसतं, उलट आतडी अन्नातून जास्तच लोह ओढून घेत असतात. रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमच्या वर लोह अंगात जातं आणि शरीर दिवसाला बाहेर टाकतं जेमतेम एक मिलिग्रॅम. ते साठतं कुठे, तर यकृतात, हृदयात. त्यावर चाळीस वर्षं आपण तिला गोळ्या दिल्या. नेमका दोष कळला, तर निदान पक्कं होईल, रक्त कधी आणि किती द्यायचं ते ठरवता येईल, साठलेलं लोह काढायचं औषध सुरू करता येईल. एके काळी त्या औषधाची सुई रात्र रात्र पोटात टोचून ठेवावी लागायची. नव्वदच्या दशकात त्याची गोळी आली, आणि ती पहिल्यांदा बाजारात आणणाऱ्यांत मुंबईची सिप्ला कंपनी होती. समोरच्या मुलाच्या वेळी तीही नव्हती.

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी आळशी नव्हते."

आई रडायलाच लागली. कारण लहानपणी मावशीला 'आळशी' म्हणण्यात आईच पुढे होती.

मावशीला मी हेही सांगितलं, की 'नको' म्हणायचा हक्क तुझाच आहे. काही आजार असे आहेत, की त्यांची चाचणी न करणंही शहाणपणाचं असू शकतं. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार आहे. नॅन्सी वेक्सलर या बाईंनी त्याचं जनुक शोधण्यासाठी व्हेनेझुएलातल्या एका सरोवराकाठच्या गावांमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. १९९३ साली ते जनुक सापडलं. बाईंच्या आईला तोच आजार होता. पण आपल्याबद्दल जगाला त्यांनी कितीतरी वर्षं काही सांगितलं नाही. अखेर २०२० मध्ये आपल्यालाही तो आजार असल्याचं त्यांनी सांगितलं. ज्याच्यावर इलाज नाही, ते आधी जाणून घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मावशीचं तसं नव्हतं. तिला कळून तिचाच उपयोग होता.

शेवटी ठरलं ते असं. मावशीची चाचणी करायची, तिच्यासाठी. ती स्वतः सही करेल आणि अहवाल तिच्या हातात येईल. कुणाला सांगायचं ते ती ठरवेल. भाचीने स्वतःचं रक्त तपासायचं, पण मावशीच्या अहवालाची वाट न बघता आणि त्याचा दाखला न देता. तिने तिथल्या तिथे होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला आणि म्हणाली, "आपण दोघांनी एक ब्लड टेस्ट करायची आहे, लग्नाआधी सगळ्यांनीच करतात ती." सगळे करत नाहीत, हे तिलाही माहीत होतं. पण सगळ्यांनी करावी अशीच ती आहे. पत्रिका जुळवायला जेवढा वेळ जातो, त्याच्या पावपट वेळात होते. तो पलीकडून म्हणाला, "शनिवारी चालेल?" मामीचा जीव भांड्यात पडला.

दोघांपैकी एकजण मोकळा निघाला, तर मुलांना तो आजार होणार नाही, विषय संपला. दोघंही वाहक निघाले, तर पुढे तपासण्या आहेत, डॉक्टर आहेत, ते दोघं आहेत. लग्न मोडायचं कारण त्यातही नाही. तिसरी चाचणी माझी झाली. माझा 'ए-टू' पाच टक्के आला. आता मुलांची करायची आहे.

मावशीचा अहवाल यायला तीन आठवडे लागतील म्हणाले. नमुना द्यायला मीच तिला घेऊन गेले होते. परत येताना ठाण्याला पूर्वेला उतरलो, तर मावशी घराकडे न वळता सिंधी वसाहतीच्या बाजूला वळली. समोरच्या त्या बाई अजून आहेत, नव्वदीच्या आसपास. मुलीकडे राहतात, ऐकायला कमी येतं. मावशी त्यांच्या कॉटवर बसली आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, "भाभी, मैंने खून टेस्ट कराया."

त्यांनी मावशीचा दंड चाचपला, जसा पूर्वी चाचपायच्या तसा, आणि म्हणाल्या, "इतने साल लगाए?"

मावशी म्हणाली, "हाँ भाभी. बहुत साल लगाए."